सात वाजताचा दलिया

"बाबूजी को शाम को बहुत भूख लगती है, दीदी," बाबांना सांभाळायला ठेवलेली विनीता म्हणाली. "रोज़ सात बजे माँगते हैं. मैं दलिया दे देती हूँ."

प्रणोतीने लॅपटॉपवरून मान वर केली. एमडी झाल्यावर पुढे कशात जायचं, ते आज पाचच्या आत ऑनलाइन अर्जात लॉक करायचं होतं. "माँगते हैं मतलब? क्या बोलते हैं?"

"उशीर. बस, उशीर-उशीर. दलिया रख दो तो चुप हो जाते हैं."

प्रणोतीने लॅपटॉप बाजूला सारला. ड्यूटी आटपून ती रोज नऊला घरी यायची. सातपासून बाबा तिची वाट बघत होते, पोरीला उशीर झाला म्हणून सांगत होते, आणि तीन महिने त्यावर त्यांना दलिया मिळत होता. ते तो मुकाट खातही होते.

बाबांनी, म्हणजे श्रीकांतरावांनी, जीसीएफमध्ये, म्हणजे तोफांच्या कारखान्यात, पस्तीस वर्षं नकाशे काढले. हिंदी अशी अस्सल बोलायचे की लोक त्यांना या हिंदी मुलखातलेच समजत. मराठी मदन महल वस्तीतल्या घरापुरती. तीही ते आणि आई बोलत. प्रणोती उत्तर द्यायची हिंदीत. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. चार वर्षांपूर्वी आई गेली. यंदा जुलैत बाबांना पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला आणि हिंदी गेली. पार गेली. उरली ती चार-दोन शब्दांची मराठी, आणि ती बोलायला घरात माणूस नव्हतं.

त्या दिवशी अपघात विभागातल्या डॉक्टरने कागदावर लिहिलं होतं, 'असंबद्ध बडबड'. प्रणोती धावत पोचली तेव्हा बाबा जड जिभेने पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वहाणा कुठं गेल्या माझ्या?"

ती त्या डॉक्टरवर चिडली नाही. चिडायला तोंडच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मंडल्याकडच्या एका गोंड म्हातारीच्या कागदावर तिने स्वतः तेच दोन शब्द लिहिले होते. म्हातारी तिसऱ्या दिवशी गेली. ती काय सांगत होती ते समजणारं वॉर्डात कुणी नव्हतं, आणि प्रणोतीने कुणाला शोधलंही नव्हतं. खाटेखाली वाकून बाबांच्या वहाणा काढताना तिचं न्यूरोलॉजी ठरलं.

हेमलताआत्याला हे मुळीच पसंत नव्हतं. दर रविवारी ती दीक्षितपुऱ्यातून ऑटोने यायची आणि तासाभरात भावाशी आठवड्याचं मराठी बोलून जायची. "काहून घेऊन राहिली तू ते मेंदूचं? तिथून बरा होऊन आलेला माणूस मी तं नाही पाहिला बापा. हृदयाचं घे. नागपूरला मिळून राहिलं ना? शनिवारी गाडीत बसली की घरी."

आत्याचं बोलणं शहाणपणाचं होतं, हीच पंचाईत होती. न्यूरोलॉजीची जागा मिळत होती ती चेन्नईला. बाबांना तिकडं नेणं म्हणजे आणखी एका परक्या भाषेत नेऊन बसवणं.

साडेचारला ती त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "बाबा, मी दूर जाऊ? तीन वर्षं. शिकायला."

ते पुढे वाकले. डावा हात तिच्या डोक्यावर आला.

"जा," ते म्हणाले.

शब्द चटकन आला. तिने आत जाऊन न्यूरोलॉजी लॉक केलं. 'नको जाऊ' म्हणायला एक शब्द जास्त लागतो, हे तिच्या फार नंतर लक्षात आलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिने आता मुक्कामाला राहणाऱ्या विनीतासाठी यादी करून फ्रीजवर चिकटवली. उकडतंय, म्हणजे गर्मी लग रही है. दुखतंय, म्हणजे दर्द है. वहाणा, म्हणजे चप्पल. सगळ्यात शेवटी उशीर. त्यापुढे लिहिलं, 'भूख नहीं. मेरी राह देख रहे हैं. बोलना, येऊन राहिली.' विनीता दिवसभर भांडी घासताना ते दोन शब्द घोकत होती.

चेन्नईला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विनीताचा फोन आला. प्रणोती वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभी होती. आत एका आजोबांनी तिला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ सांगणाऱ्या नर्सची ती वाट बघत होती.

"दीदी, आज सात बजे बोले थे. मैंने बोल दिया, येऊन राहिली."

"फिर?"

"बहुत खुश हुए. दलिया नहीं लिया. दरवाज़ा खुलवाया, कुर्सी उधर लगवाई. अब आठ बज गए, मच्छर आ रहे हैं. बंद कर दूँ?"

प्रणोतीला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांत तिने बाबांना मराठीत पहिला निरोप पाठवला, तोही खोटा.

"बाबा को फोन दो," ती म्हणाली.

पलीकडे फक्त श्वास ऐकू येत होता.

"बाबा, मी प्रणोती. मला उशीर होईल. खूप उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."

बाबा म्हणाले, "बरं."

दार लावल्याचा आवाज आला. मग वाटीवर चमचा वाजला, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा.