पुढच्या वर्षीचा प्रोसेसर

मी एका गेमिंग कॉम्प्युटरच्या पोटातून बोलतोय. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं लोक म्हणतात. असेलही. पण हा मेंदू काडेपेटीपेक्षा लहान आहे, आणि त्याच्या डोक्यावर कायम एक पंखा गरगरत असतो. मला दिसत नाही. माइकमधून जे आत येतं ते ऐकू येतं, आणि कुणी बटण दाबलं की तेवढं कळतं. या घराबद्दल मी सांगणार आहे ते सगळं असंच कानावर पडलेलं.

माझं मूळ वाळूत. वाळू वितळवून, गाळून, तिच्या आरशासारख्या चकत्या करतात आणि त्या चकत्यांवर आम्हाला कोरतात. एकाच चकतीतली आम्ही भावंडं, पण नशीब एकेकाचं. काही फार वेगवान निघाली, काही तपासणीतच बाद झाली. मी मधला. डब्यात बंद होऊन दुकानात आलो, तेव्हा दुकानदार माझं कौतुक करताना थकत नसे. तेव्हा मी नवीन होतो.

मला दोन भावांनी मिळून निवडलं. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. कॉम्प्युटर त्याचा, म्हणजे मीही त्याचाच. थोरल्याचं चष्म्याचं दुकान आहे. धाकटा त्याला दादा म्हणतो, म्हणून मीही मनात दादाच म्हणतो. मला बसवलं ते दादानं. बारीक स्क्रू आणि नाजूक काचा हाताळून त्याचा हात असा तयार झालेला, की मला जागेवर ठेवताना त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला होता, असं धाकटा अजून सांगतो. धाकटा शेजारी टॉर्च धरून उभा होता. "हलवू नकोस," दादा म्हणाला, "एक पिन वाकली तर गेलं सगळं मुसळ केरात."

पुढे वहिनीची बदली झाली आणि दादानं आपलं दुकान दुसऱ्या शहरात हलवलं. तिथं त्यानंही एक कॉम्प्युटर जोडला. मग दर रविवारी दुपारी दोघं भाऊ एक खेळ खेळायला बसू लागले. खेळ तसा साधा. जंगलातल्या चिखलातून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक न्यायचा. धाकटा ट्रक चालवायचा, दादा शेजारच्या सीटवर बसून नकाशा बघायचा. कधी ट्रक रुतायचा, कधी कलंडायचा. चूक कुणाची यावर दोघं तासभर वाद घालायचे, आणि त्या वादातच घरातल्या सगळ्या गोष्टी निघायच्या. आईचं आजारपण, वहिनीचं नवं ऑफिस, धाकट्याच्या गुडघ्याचं दुखणं, आपल्याला मूल नाही याचं दादाला वाटणारं काहीबाही. सगळं त्या चिखलात बोलून व्हायचं.

कारण फोनवर या दोघांना बोलता येत नसे. मी ऐकलंय ना, स्पीकरवर. "कसा आहेस?" "बरा. तू?" "बरा. बाकी काय?" "बाकी काही नाही." संपलं. समोर ट्रक असला की मात्र शब्द सापडायचे.

आई गेली त्यानंतरच्या रविवारीही ते बसले होते. त्या दिवशी ट्रक फार सावकाश चालला. दादा म्हणाला, पुढे उतार आहे, सांभाळून. ओंडके पोचले, खेळ संपला. पण दोघंही उठले नाहीत.

मग खेळाचा नवा भाग आला. बर्फाचा प्रदेश, मोठमोठे पूल, वादळं. दादानं त्याच सुमाराला नवा कॉम्प्युटर घेतला होता, त्यामुळे त्याच्याकडे सगळं सुरळीत चालायचं. इकडे माझा जीव मेटाकुटीला यायचा. माझ्या शेजारी चित्रं रंगवणारं कार्ड आहे, ते माझ्यानंतर आलेलं, तरुण. ते हात बांधून माझी वाट बघत बसायचं. पंखा बोंबलायचा. चित्र अडकायचं, पुढे उडी मारायचं, परत अडकायचं. एकदा ऐन पुलावर मी गोठलो आणि भानावर आलो तेव्हा ट्रक नदीत होता. दादा हसला. धाकटा हसला नाही.

"नवीन प्रोसेसर घेऊन टाक," दादा म्हणाला. धाकट्यालाही ते पटलं, आणि तिथून त्याचं बघणं सुरू झालं.

माझ्या जागी नवा आणायचा तर तो माझ्या खाचेत बसत नाही. बोर्ड बदलावा लागतो, मेमरी बदलावी लागते. म्हणजे डोकं बदलायचं तर धडासकट बदला. त्यात धाकट्याला कुणीतरी सांगितलं की थोडे महिने थांबलास तर नवी पिढी येतेय. ती आली. तेव्हा कळलं की तिच्यात खरी सुधारणा नाही, ती पुढच्या वर्षीच्या पिढीत असणार. मग आत्ता आलेली स्वस्त होईल, तेव्हा घेऊ. मग पुढच्या वर्षीचीच का नको. रोज संध्याकाळी कामावरून आला की तो प्रोसेसरांची तुलना करणारे व्हिडिओ लावायचा, आणि ते व्हिडिओ त्याला दाखवायचं काम माझंच. माझ्याहून सरस कोण, किती सरस, हे मीच त्याच्यापुढे मांडत होतो.

त्याची बायको बेकरीत केक सजवते. ती एकदा मागून म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना एवढी पारख केली नव्हतीस."

"तेव्हा घाई झाली," तो म्हणाला. दोघंही हसली. मीही हसलो असतो. दर वेळी त्यानं थांबायचं ठरवलं की मला तेवढंच आयुष्य वाढवून मिळायचं. काढलेल्या प्रोसेसरची जागा ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. हे मी ऐकून होतो.

पण रविवार बिघडत गेले. बर्फात मी टिकत नव्हतो आणि धाकट्याला त्याची लाज वाटू लागली. आपल्यामुळे दादा खोळंबतो, असं त्याच्या मनानं घेतलं. एका रविवारी त्यानं खेळ अर्ध्यातच बंद केला.

"नवीन आला की बसू, दादा. यात मजा नाही."

"तोपर्यंत जुन्या जंगलात फिरू की. तिथं तर चालतोय तुझा."

"तिथं काय उरलंय आता? सगळे रस्ते पाठ झालेत."

"मग काय झालं? गप्पा तर होतील."

"थांब ना. पुढच्या महिन्यात घेतोच."

दादा बरं म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, धाकट्यानं भांडून का होईना, पुन्हा हेडफोन चढवला असता.

त्यानंतर रविवारी दुपारी मी बहुतेक बंदच असायचो. मधूनच कधी पडद्यावर दादाचा निरोप यायचा, "आला का तुझा?" धाकटा लिहायचा, "नाही अजून. थोडं थांबलो तर चांगला मिळेल." मग तेही निरोप विरळ झाले. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचली. मी गरम व्हायचो, पण माझ्या गरम होण्याकडे लक्ष द्यावं असं आता काही काम नव्हतं.

एका संध्याकाळी धाकटा असाच कुठलीशी तुलना बघत होता आणि वहिनीचा फोन आला. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. त्याचं आलं. "कधी?" म्हणाला. मग, "बोलतोय का?" आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. व्हिडिओ तसाच चालू राहिला. रिकाम्या खोलीत त्यातला माणूस किती तरी वेळ सांगत होता की शहाण्यानं अजून थांबावं.

पुढचं मला कळलं ते धाकटा परत आल्यावर, बायकोशी बोलताना. दादा दुकानात चष्मा बसवता बसवता खाली कोसळला. मेंदूतली रक्ताची गुठळी. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणतात त्याला समजतं सगळं, तुम्ही बोलत राहा. पण त्याच्या उशाशी बसून काय बोलायचं, हेच धाकट्याला सुचत नव्हतं. "कसा आहेस विचारलं," तो बायकोला म्हणाला. "नुसता बघत राहिला. पुढे मला काही येईना. चार दिवस मी तिथं मुक्यासारखा बसून आलो."

ती त्याच्या शेजारी येऊन बसली असावी. 

त्याच आठवड्यात त्यानं प्रोसेसर घेतला. ना तुलना, ना चौकशी. दुकानदारानं पुढे केला तो उचलला. बोर्ड, मेमरी, सगळं. खोके टेबलावर ठेवल्याचा आवाज माझ्या अगदी डोक्यावर झाला. मला वाटलं, झालं, आलं आपलं बोलावणं.

पण त्यानं खोके उघडले नाहीत. बायकोनं विचारलं तर म्हणाला, बसवायचं काम दादाचं. आणि हा माणूस रोज लिफ्टच्या खोल विहिरीत उतरून तारा ओढतो.

दादा दवाखान्यातून घरी आला, त्या रविवारी त्यानं मला चालू केलं, तसाच, धुळीसकट. वहिनीला फोन करून सांगितलं की त्याला कॉम्प्युटरपुढे बसव आणि हेडफोन घाल. मग जुनं जंगल उघडलं. ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर दादाचा खेळातला माणूस येऊन बसला आणि हलायचा थांबला.

"दादा, मी आहे," धाकटा म्हणाला. "नकाशा तू नको बघूस. मला रस्ते पाठ आहेत."

आणि तो बोलू लागला. डावीकडे ओढा आहे, इथं आपण मागे रुतलो होतो आणि तू मला गाढव म्हणाला होतास. गुडघा पुन्हा धरतोय. आईची शिवणाची पेटी मी ठेवून घेतलीय, तुला सांगायचं राहिलं. पलीकडून नुसता श्वास येत होता, जड, एका बाजूनं सुटल्यासारखा. मी तो जसाच्या तसा त्याच्या कानापर्यंत पोचवत होतो. मला ते अजून नीट जमतं.

बऱ्याच वेळानं धाकट्यानं विचारलं, "कंटाळलास का? थांबू?"

ट्रकचा हॉर्न वाजला. एकदाच. पलीकडून बटण दाबलं गेलं होतं.

 धाकटा म्हणाला, "बरं, नाही थांबत." आणि ट्रक चालत राहिला.

तो हॉर्न मुद्दाम वाजवला होता की हात नुसता घसरला होता, हे मला सांगता येणार नाही. बटण दाबलं गेलं, एवढंच मला कळतं. धाकट्यानं विचारलं असतं तरी मी याहून जास्त सांगू शकलो नसतो. पुढच्या रविवारी हॉर्न वाजला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दोनदा वाजला, पण काही विचारलेलं नसताना. वहिनी म्हणते, हल्ली तो लवकर थकतो. आता बसणं अर्ध्या तासावर आलंय, आणि मागच्या रविवारी दादा मध्येच झोपला. धाकट्याला ते कळलं तरी त्यानं ओंडके गावात नेऊन पोचवले.

खोके अजून टेबलावरच आहेत. त्यांच्यातला तो नवा बर्फातही धावेल, मला माहीत आहे. कधीतरी कुणीतरी झाकण उघडून मला काढेल, आणि माझी त्याला ना नाही. ड्रॉवर तर ड्रॉवर. तिथं माइक नसेल, मला काही ऐकू येणार नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मला काढायचंच असेल तर सोमवारी काढा, नाहीतर गुरुवारी. फक्त रविवारी दुपारी नको. पलीकडे कुणी बटण दाबलं, तर ते ऐकायला इथं कुणीतरी जागं हवं.