शेवटचा हात

ओठावर माशी बसली तर तिचा विचार करायचा नाही. विचार केला की ओठ हलतो.

*

चिंचेच्या गल्लीत एका जानेवारीत जिवंत चित्रात गाढव उभं केलं होतं. शेजारी नगराध्यक्षांचा पुतण्या. आधी पुतण्या हलला. पुढे तो निवडणूक हरला, आणि का हरला ते कुणाला विचारावं लागलं नाही.

*

मक्याचं पीठ, कोको, थोडं तेल. चेहऱ्यावर चिखल दाखवायचा तर हा लेप. खरा चिखल वाळला की तडकतो.

*

गावात बेभरवशाच्या माणसाला म्हणतात, त्याचं चित्र हलतं. यावरून जमलेली लग्नं मोडली आहेत.

*

शाळेत नाटकाचे दोन वर्ग आहेत. मधल्या भिंतीला वरच्या बाजूला जाळीच्या विटा आहेत, हवेसाठी. हवेबरोबर पलीकडचं हसूही येतं.

*

एनेइदा तामाराचं पोट दुखायचं ते या हसण्याने.

जानेवारीत गावातली प्रत्येक गल्ली आपापल्या दारांत माणसांची चित्रं मांडते. चादरीचा पडदा सरतो, आत माणसं एखाद्या प्रसंगात गोठून उभी असतात, लोक बघतात आणि पुढच्या दाराकडे जातात. शाळेचं चित्र वर्षानुवर्षं एनेइदा मांडत आली होती आणि वर्गात ती तेच शिकवायची. नजरेला एक ठिकाण द्या, ते सोडू नका. श्वास छातीत नको, खाली बेंबीपाशी. भार दोन्ही टाचांवर. मग ती एकेकाला बोटांनी जागेवर बसवायची: हनुवटी, खांदा, कोपर. बोलायचं नाही. तिच्या वर्गात माश्यासुद्धा दबून फिरतात, असं पोरं म्हणायची.

जुलैत सिन्सेलेहो शहरातून नवा शिक्षक आला, दाइरो मेरिन्यो. कानात बाळी, पायात फाटके बूट, नाटकाचं रीतसर शिक्षण. तो पोरांना वर्गभर पळवायचा आणि टाळी वाजली की जिथं असाल तिथं थिजा म्हणायचा. कुणी वाकलेलं, कुणी एका पायावर, कुणी जमिनीवर. मग म्हणायचा, आता याच जागेवरून ठरवा तुम्ही कोण आहात. आणि चित्रात उभ्या पोराच्या खांद्यावर टिचकी मारून विचारायचा, "आत्ता तुझ्या डोक्यात काय चाललंय? त्या माणसाच्या तोंडून सांग."

चित्र बोलायचं. एनेइदाला ते मेलेल्या माणसाने जेवण मागण्यासारखं वाटायचं.

बाजारात आरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, तळणाऱ्या नुरीसनं तिला झाऱ्यासकट गाठलं. "काय गं एनेइदा, तुझी पोरं आता बोलतात म्हणे. इतकी वर्षं मुकी होती होय?"

"तुझ्या आरेपा बोलायला लागल्या की सांग," एनेइदा म्हणाली आणि पैसे देऊन आरेपा तिथंच विसरून घरी आली.

हसू एकवेळ चाललं असतं. युर्लेइदिसचं तिकडे जाणं नसतं चाललं.

युर्लेइदिस कोंत्रेरास ही गावातली सगळ्यात चांगली उभी राहणारी पोरगी. तिची आजी अभिमानाने सांगायची की ही पाळण्यातही हलत नव्हती. दुधाचे दात पडत होते तेव्हापासून एनेइदा या पोरीची हनुवटी दोन बोटांनी वर करत आली होती. आता वेळापत्रकाप्रमाणे ती दोन्ही वर्गांना बसायची.

एका दुपारी जाळीतून ऐकू आलं. दाइरोनं पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या बायकांची रांग उभी केली होती. टिचकीचा आवाज. मग युर्लेइदिसचा, इतका साधा की एनेइदाच्या हातातला खडू थांबला.

"रांग पुढे सरकू नये असं वाटतंय. घरी गेले की आईचा फोन येईल, आणि याही वर्षी जमत नाही म्हणून सांगेल."

पलीकडे कुणी हसलं नाही.

इथं एनेइदाला थिजवू या. उजवा हात फळ्यावर, खडू टेकलेला, पाठ वर्गाकडे. तिच्या खांद्यावर टिचकी मारली तर ती काय सांगेल? की त्या पोरीची आई बोगोताला दुसऱ्यांची मुलं सांभाळते हे तिला माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. पण या हनुवटीच्या वर, कपाळाच्या आत काय चालतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आणि ज्याला त्या पोरीचं आडनावही नीट येत नाही, त्याला ते एका बोटात मिळालं. फुकट.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या वर्गात, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, युर्लेइदिसच्या खांद्याला बोट लावलं. "काय चाललंय डोक्यात?"

"काही नाही, बाई. श्वास बेंबीपाशी ठेवतेय. तुम्हीच सांगितलंय ना."

त्या दिवसापासून एनेइदाच्या अन्नाची चव गेली. दाइरोची बाळी डोळ्यांत खुपू लागली, मग त्याचं शीळ घालणं, मग पोरं त्याला नुसतं "सर" न म्हणता "आमचे सर" म्हणतात ते. जानेवारी जवळ आला तशी बातमी आली की पोरांना यंदा सरांबरोबर चित्र करायचंय. युर्लेइदिसनं हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. एनेइदाला हवा होता तो एवढाच शब्द: मी बाईंच्या चित्रात. बाकी सगळी शाळा त्यानं खुशाल न्यावी.

मग तिनं जे केलं ते सगळ्यांना मोठेपणाचं वाटलं. ती दाइरोकडे गेली आणि म्हणाली, भांडण कशाला, एकच चित्र करू, आणि तुम्हीच मध्ये उभे राहा.

"मी?" दाइरो खूश झाला. "करा बाई, लाकूड करून टाका माझं."

चित्र होतं बैलाने शिंगावर घेतलेल्या माणसाचं. त्याला घरी आणलंय, बाकावर टाकलंय. पाठ कमानीसारखी, डोकं मागे लोंबतंय, एक हात हवेत. मागे टोप्या उतरवलेले दोन भाऊ. गुडघ्यांवर बायको, तिचा एक तळवा त्याच्या मानेखाली. बायको युर्लेइदिस.

चिंचेच्या गल्लीत दिवे लागले, पडद्याआड एनेइदा दाइरोजवळ बसली आणि त्याला बोटांनी जागेवर बसवू लागली. त्याचं कोपर तिनं हवं त्याच्यापेक्षा जरा बाहेर ठेवलं. डावी टाच जमिनीपासून किंचित उचलून दिली. बघणाऱ्याला काही कळणार नाही. पण अशा बेतात माणूस एका गाण्यापुरताही टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"ठीक आहे?" तिनं विचारलं.

"एकदम झकास," तो उलट्या डोक्याने म्हणाला.

तिनं पडदा बाजूला ओढला.

लोक आले. नुरीस आली, एप्रनला हात पुसत. पोरांनी जिवंत चित्रापुढे नेहमीच्या माकडचेष्टा केल्या. पडदा कधी मिटायचा हे मांडणारा ठरवतो, आणि एनेइदा मिटत नव्हती. गर्दीची एक खेप गेली. दुसरी आली. दाइरोची मांडी थरथरू लागली, मग पोट. गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, "हलतंय." एनेइदाला तो शब्द उसाच्या रसासारखा लागला. उद्या हा माणूस शाळेत तोंड कसं दाखवेल?

आणि थरथर थांबली.

तिला आधी कळेना. मग दिसलं. युर्लेइदिसचा खांदा त्याच्या पाठीखाली होता. कधी गेला, कसा गेला, कुणी पाहिलं नव्हतं. एनेइदानंही नाही, आणि एनेइदाचे डोळे तिथंच होते. अख्ख्या पुरुषाचं वजन त्या पोरीनं अंगावर घेतलं होतं. श्वास बेंबीपाशी, हनुवटी जागेवर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आणि नजरेला तिनं दिलेलं ठिकाण म्हणजे एनेइदाचा चेहरा.

ते डोळे मिटत नव्हते, आणि आता एनेइदाला बघवेना. तिनं पडदा मिटला. "विसावा," ती म्हणाली.

सगळे सैल झाले. दाइरो बाकावरून खाली गडगडला आणि हसत सुटला. "काय बसवलंत, बाई! मला वाटलं मेलोच. असं कुणी शिकवलं नव्हतं मला." त्याच्या हसण्यात काडीचाही संशय नव्हता, आणि एनेइदाला त्याचाही राग आला.

युर्लेइदिस खांदा चोळत तिच्याजवळ आली. इतक्या हळू बोलली की भावांना ऐकू गेलं नाही.

"बाई, त्यांचं कोपर बाहेर होतं."

"चुकलं असेल."

"तुमचं कोपर चुकत नाही."

पलीकडच्या गल्लीतले लोक येत होते; चित्र पुन्हा उघडायचं होतं. एनेइदानं सगळ्यांना परत जागेवर बसवलं, या वेळी दाइरोलाही नीट. पण ती मागे सरकल्यावर युर्लेइदिसनं हात पुढे केला आणि दाइरोचं कोपर आणखी थोडं आत घेतलं. गरज नव्हती. ते आधीच बरोबर होतं. मग तिनं स्वतःची हनुवटी, आपल्याच दोन बोटांनी, वर केली.

गावात एक नियम पोरांना चालायच्या आधी येतो: चित्राला शेवटचा हात ज्याचा, सोडायचं त्यानंच. दुसऱ्या कुणाच्या शब्दाला हलायचं नाही.

पडदा उघडला. नुरीसनं तोंडावर हात घेतला. एवढं चांगलं चित्र त्या गल्लीत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, आणि एनेइदा ते बाजूला उभी राहून, पाहुणीसारखी बघत होती.

लोक पुढे गेल्यावर तिनं पडदा मिटला. "विसावा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. भाऊ टोप्या धरून तसेच. दाइरोही तसाच, या गावात तो फक्त जुलैपासून होता, पण नियम शिकला होता. एनेइदा पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. तिनं शिकवलेली ती सगळी शांतता तिच्यासमोर उभी राहिली.

"विसावा," युर्लेइदिस म्हणाली.

पोरांना बोलतं करायला कुणीतरी तरुण माणूस घ्या, असं मुख्याध्यापिकेला मे महिन्यात, दाइरो यायच्या आधी, एनेइदानंच सांगितलं होतं.