द्वारकाबाईच्या सायकलची घंटी

आधीच सांगून टाकते, कुत्र्यांवर माझं प्रेम वगैरे अजिबात नाही. लोकांना उगाच वाटतं, रोज कुत्र्यांना पोळ्या घालते म्हणजे सुलेखाताई मोठी दयाळू बाई असणार. दया कसली! माझा विश्वजीत चौतीस वर्षांचा झाला, पुण्यात चांगली नोकरी, आणि लग्न काही जमेना. आमच्या गुरुजींनी पत्रिका पाहिली, साडेसाती सांगितली आणि उपाय दिला. दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची, स्वतःच्या दारात, न चुकता.

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत काळं कुत्रं एकच होतं, डावा कान फाटलेलं. शनिवारी मी त्याला महाराज म्हणायचे, बाकीचे सहा दिवस हाड म्हणायचे. पण कुत्र्याला वार कुठे कळतो? ते रोज यायला लागलं, आणि येताना चार जोडीदार घेऊन. नाही दिलं तर फाटकाशी बसून रडायचं. शनीचं कुत्रं दारात रडलेलं कुणाला चालेल? शेवटी रोज दहा पोळ्या जास्तीच्या होऊ लागल्या. करायच्या अर्थात द्वारकाबाईनं.

द्वारकाबाई माझ्याकडे सहा वर्षं पोळ्यांना होती. मुकुंदवाडीहून सायकलवर यायची. चाळिशीला आल्यावर साडी खोचून ती सायकल शिकली होती, आणि तोरा असा की जणू विमान चालवते. साडेसहाला माझं घर, मग एकामागून एक आणखी पाच, सगळी बाराच्या आत. पायी एवढी घरं होत नाहीत. सायकल सुटली की तिची निम्मी घरं सुटणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

या कुत्र्यांचं चालत्या माणसाशी काही वाकडं नाही. स्कूटरवरही ती फार तर दोनदा भुंकतात. सायकल दिसली की मात्र अंगात आल्यासारखी धावतात. पाय वरखाली होताना दिसतात, म्हणून असेल. एका सकाळी महाराजांनी द्वारकाबाईच्या पोटरीत दात रुतवले. लंगडत आत आली, परकराला रक्त. मी आधी तिला बाहेरच्या नळावर पाय धुवायला लावले, मगच ओट्याला हात लावू दिला. स्वच्छता नको का?

पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "ताई, त्या पोळ्या बंद करा. मीच भाजायच्या अन् मलाच चावून घ्यायचं, हा कुठला न्याव?"

"विश्वजीतचं जमेपर्यंत बंद करता येणार नाही."

"मंग गल्लीच्या बाहेर नेऊन टाका."

"दारातच घालायच्या असं सांगितलंय गुरुजींनी."

 घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तिनं सगळी इंजेक्शनं घेतली. ज्या ज्या दिवशी इंजेक्शन, त्या त्या दिवशी पोळ्यांना उशीर. मी बोलायचं ते बोललेच.

युक्ती मात्र माझीच हं. मी म्हटलं, द्वारकाबाई, शनिवारची महाराजांची एक मी दारात घालते, बाकीच्या तूच त्यांना तुझ्या हातानं घाल, म्हणजे तुझ्या वाटेला जाणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिनं सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी बांधली. येताना आदल्या दिवशीच्या पोळ्या, जाताना ताज्या. कुत्री जवळ यायची तिला भीती वाटायची, म्हणून लांबूनच घंटी वाजवायची आणि पोळी रस्त्याच्या कडेला भिरकावायची. ती पोळीकडे पळाली की ही निघून जायची.

पंधरवड्यात कुत्री सरळ झाली. घंटी वाजली की पाचही जणं उठून तिच्या मागे निघायची. गल्लीतले लोक हसून म्हणायचे, निघाली द्वारकाबाईची वरात. बाई अगदी फुलून गेली होती.

"ताई, मला वळखायलेत आता. घंटी ऐकली की शेपूट हलवायलेत, बघा."

तेवढ्यात एक दिवस पाववाला फारूखभाई फाटकाशी येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं तो सायकलवर पाव-खारी विकतो. पायजमा गुडघ्यात फाटलेला, मागची पेटी चेमटलेली.

"मॅडम, इन कुत्तों को अब घंटी की आदत लग गई," तो म्हणाला. "घंटी म्हणजे खाना. माझी वाजली तर मलाच घेरलं. पेटीत काय मिळंना, तर लई खवळले. मी तर घंटीच काढून टाकली."

"मग तोंडानं ओरडा की, पाववाला म्हणून," मी म्हटलं आणि दार लावलं.

पण ऐकलं मी. नीट ऐकलं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पुढे खरंच एक स्थळ आलं. खुलताबादकडचं घराणं, शेती भरपूर, मुलगी शिकलेली. रविवारी आठ माणसं जेवायला येणार होती आणि त्यांच्या थोरल्या काकांना म्हणे पुरणपोळी फार आवडते. द्वारकाबाईची पुरणपोळी म्हणजे काय सांगू, कडेपर्यंत पुरण आणि कुठे फुटलेली नाही. माझ्या हाताला ते कधी जमलं नाही. मी डाळ, गूळ, सगळं आणून ठेवलं. आणि शुक्रवारी पोळ्या झाल्यावर हात पुसत ती काय म्हणाली?

"ताई, उद्याचा दिवस शेवटचा. परवापासून सोनियाताईकडं सकाळभर लागले मी. मोठं कुटुंब हाय त्यांचं."

"परवा? अगं, परवा पाहुणे आहेत माझ्याकडे!"

"शब्द दिलाय त्यांना. अन् त्यांच्या गल्लीत कुत्री नायत, ताई. इथं रोज सकाळी जीव मुठीत धरून येते मी. पोळ्या टाकते म्हणून गप हायेत ती."

"एक रविवार तरी ये."

"नाय जमायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं जिला जुन्या साड्या दिल्या, दिवाळीला फराळ दिला, ती मला नाही जमायचं म्हणते! माझ्या पोराचं लग्न टांगणीला लागलंय आणि हिला कुत्र्यांची पडलीय. रात्रभर मी तेच तेच घोकत होते.

शनिवारी तिनं नेहमीसारख्या पोळ्या केल्या. कुत्र्यांच्या दहा पोळ्यांना तेल लावून पिशवीत भरल्या, पिशवी हँडलला अडकवली आणि भांडी विसळायला मागच्या नळावर गेली. मी बाहेर आले. पिशवीतल्या पोळ्या काढून डब्यात ठेवल्या. पिशवी सपाट दिसायला नको म्हणून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र चुरगाळून आत कोंबलं. वरून गाठ तशीच मारली.

मला तिला फक्त घाबरवायचं होतं. एकदा कुत्र्यांनी घेरलं की कळेल, माझ्या पोळ्यांवर ही रस्त्यानं मिरवत होती ते. परत येईल, ताई म्हणेल, मी दोन शब्द सुनावीन आणि पोळ्या देईन. मग रविवारचं बोलू. असा माझा हिशोब होता.

ती निघाली. "येते ताई, काही चुकलंमाकलं असंल तर माफ करा," असंही म्हणाली. मी डबा हातात घेऊन गच्चीत उभी राहिले.

गल्लीच्या तोंडाशी विजेच्या डीपीजवळ कुत्री पसरलेली होती. तिनं घंटी वाजवली. पाचही उठली, शेपट्या हलवत आली. तिनं एका हातानं गाठ सोडली, आत हात घातला आणि न बघताच भिरकावलं. कागदाचा बोळा रस्त्यावर घरंगळला. महाराजांनी तो हुंगला आणि परत फिरले. तिनं दुसरा टाकला. मग थांबून पिशवीत वाकून पाहिलं. आणि काय करावं ते न कळून बाईनं पुन्हा घंटी वाजवली.

घाबरलेलं माणूस जे सवयीचं तेच करतं. तिनं तीन-चारदा घंटी वाजवली आणि प्रत्येक वेळी कुत्री जास्त जवळ आली. एकानं पिशवीवर झडप घातली. तिनं पाय झाडला. तेवढं अर्धं मिनिट मला बरं वाटलं. हो, वाटलं. लपवून काय करू?

मग सायकल आडवी झाली. द्वारकाबाई उजव्या हातावर पडली आणि तो हात बघवेना असा वळला. कुत्री तिच्यावर तुटून पडली. तिच्या बोटांना तेलाचा, कणकेचा वास. तिथंच चावत होती. "ताई! ओ ताई! पोळी टाका!" ती माझ्याकडे बघून ओरडत होती. मी गच्चीत आहे हे तिनं पाहिलं होतं. माझ्या हातात दहा ताज्या पोळ्यांचा डबा होता, झाकण लावलेला. तिथून फेकली असती तरी पोचली असती.

मी विचार करत होते, की आता पोळ्या फेकल्या तर त्या माझ्याकडे होत्या हे तिला कळेल.

शेवटी फारूखभाई कुठूनसा काठी घेऊन धावत आला. रिक्षात घालून तोच तिला घाटीत घेऊन गेला. रक्ताचे डाग कुणीतरी पाणी टाकून धुतले. कागदाचे बोळे मात्र मी स्वतः जाऊन उचलले.

रविवारी बचत गटाच्या पुरणपोळ्या मागवल्या. काकांनी चार खाल्ल्या. लग्न जमलं. गुरुजी फोनवर म्हणाले, बघा, उपाय फळला. आता लग्न होईपर्यंत खंड पडू देऊ नका. पण पोळ्या करायला बाई मिळेना. द्वारकाबाईची हकिगत ऐकून कुणी आमच्या गल्लीत यायलाच तयार नव्हतं. शनिवारी मी कशीबशी एक पोळी लाटली. बाकीचे दिवस कुत्री फाटकासमोर बसून माझ्या दाराकडे बघत राहायची. बरगड्या दिसू लागल्या होत्या त्यांच्या.

दहाबारा दिवसांनी सकाळी द्वारकाबाईची मुलगी आली, संस्कृती, बारावीत आहे. आईच्याच सायकलवर आली, आवाज न करता. कुत्र्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली टाकली.

"कशी आहे आई?" मी विचारलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"प्लास्टर हाय. बोटं वळत नायत. डॉक्टर म्हणले, लाटण्यावर जोर नाय यायचा आता. सोनियाताईंनी दुसरी बाई बघितली. सगळीच घरं सुटली."

"तू येशील का पोळ्यांना? तेवढाच आईला हातभार."

 तिनं ओढणीच्या गाठीतून एक वस्तू काढली आणि माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर ठेवली. सायकलची घंटी. पितळेची, कडेला गंज चढलेली.

"आईनं दिलीय. म्हणली, ताईला दे. पोळ्या त्यांच्याकडंच हायेत."

 लाज वाटली असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, आधी भीती वाटली. हिला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि तरी दोघी कुणाकडे बोलल्या नाहीत. संस्कृती सायकल हातात धरून निघून गेली. कोपऱ्यावर जाऊन तिनं टांग मारली, मागे वळून पाहिलं नाही.

बाहेरच्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी ती घंटी घाईघाईनं उचलली. अंगठा तिच्या दांडीवर पडला आणि ती खणखणीत वाजली. रस्त्यावरची पाचही कुत्री उठून उभी राहिली, महाराज सगळ्यांत पुढे, शेपटी हलवत. घरात एकही पोळी नव्हती. आणि संस्कृतीनं जाताना फाटक लावलं नव्हतं.