मंद उजेडात

थोरलीने झूम लेन्स पुन्हा कॅमेऱ्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली. सभागृहात उजेड जेमतेम होता, आणि गायनवृंदाच्या बाईंनी फ्लॅशला सक्त मनाई केली होती. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांचे सोहळे टिपून टिपून तिचे खांदे उतरले होते. पण लेन्स निवडताना अशी भंबेरी कधी उडाली नव्हती.

आज आई गाणार होती, तीही एकटी. इतकी वर्षं ती मागच्या रांगेत उभी राहून दुसऱ्यांच्या आवाजाला टेकू देत आली. ठरलेल्या गायिकेचा घसा ऐन वेळी बसला म्हणून तिचं नाव निघालं. पुन्हा कधी निघेल याची खात्री कोण देणार? जो काही फोटो व्हायचा तो आजच.

निघताना आईने बजावलं होतं,

"समोर येऊन उभी राहू नकोस हं. तू दिसलीस की माझा घसा कोरडा पडेल."

म्हणून तर झूम. शेवटच्या रांगेतून आईची पापणीसुद्धा टिपणारी. पण ती पडली उजेडाची खादाड. या अंधारात तिच्यातून आई म्हणजे नुसती काजळी दिसली असती. उरली मुठीत मावणारी छोटी लेन्स. ती थोडक्या उजेडात भागवून घ्यायची, पण जवळ गेल्याशिवाय तिचं पान हलत नसे. इकडे आड, तिकडे विहीर.

पडदा सरकला तशी थोरलीने छोटी लेन्स लावली आणि वाकून, लोकांची बोलणी खात, रंगमंचाच्या पायथ्याशी जाऊन बसली.

आईने पहिली ओळ समोरच्या भिंतीकडे बघत म्हटली. दुसरीला तिची नजर खाली आली आणि थोरलीवर पडली. आवाज किंचित थबकला. झालं, आपण हात दाखवून अवलक्षण केलं, असं थोरलीला वाटलं.

आईने हनुवटी जराशी दिव्याकडे वळवली. मग एक स्वर धरला आणि ती निश्चल उभी राहिली. मानेची शीर ताठ झाली होती, स्वर सभागृहभर पसरत होता, आणि चेहरा मात्र तसूभरही हलत नव्हता. मंद उजेडात चेहरा हलला की फोटो गेला, ही थोरलीची रोजची कुरकुर. जेवणाच्या टेबलावर ती कुणी ऐकत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आई तिच्यासाठी थांबली होती. गाणं न थांबवता थांबली होती.

थोरलीच्या अंगावर काटा आला. ही बाई आपल्याच घरात भाजी निवडते, चष्मा शोधत फिरते, हे तिला खरंच वाटेना. तिने बटण दाबलं. स्वर संपला, आई पुढच्या ओळीकडे वळली, आणि तेवढी स्थिर पुन्हा काही झाली नाही.

टाळ्या विरल्यावर आई आतल्या खोलीत पाणी पीत होती. थोरलीला पाहताच तिने पेला खाली ठेवला.

"हलले नाही ना गं मी?"

थोरलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो पुन्हा पाहिला. आई, दिवा, मागची रांग, सगळंच्या सगळं एकाच बाजूला फराटल्यासारखं झालं होतं. तिच्या स्वतःच्या बोटांची थरथर अजून थांबली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "तू नाही हललीस, आई."