तिवईची उंची

"बाई, दुकानाचं मी बघतो. तुम्ही कशाला त्रास घेता?" असं भीमराव म्हणाले आणि अंबूताईंच्या मनात पाल चुकचुकली.

कारण भीमराव आपणहून कधी काही बघत नसत. धारवाडच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं ते प्रयोगशाळेत मदतनीस होते. सांगितलं तेवढं चोख करायचं, नाहीतर दाराशी गप्प उभं राहायचं, असा त्यांचा खाक्या. अंबूताई त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होत्या. परीक्षेच्या हॉलमध्ये त्या शिरल्या की कॉपी करणाऱ्या पोरांच्या तळहातांना घाम सुटायचा. निवृत्तीनंतर हॉल सुटला, पण नजर काही निवली नाही. दूधवाला, शेजारीण, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना त्या एकदा चाळणीतून काढायच्याच. भीमराव तेवढे आजवर चाळणीबाहेर राहिले होते.

दोघांचं तळ्यावर जाणं चार हिवाळ्यांपासूनचं. अंबूताई निवृत्त झाल्या तेव्हा बेंगळुरूच्या भाचीनं, श्रीलक्ष्मीनं, त्यांना एक आखूड दुर्बीण दिली. लहान थर्मासएवढी, एका डोळ्यानं बघायची, पण पार पलीकडच्या काठावरच्या बदकाचा डोळासुद्धा दाखवणारी. अशी दुर्बीण हातात धरून चालत नाही, नुसता श्वास घेतला तरी चित्र थरथरतं. म्हणून तिच्याखाली तीन पायांचा स्टँड लागतो. तो कुणा नातलगाच्या लग्नाच्या शूटिंगमधला जुना मिळाला होता. प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची तिवई असते, तिच्यावरून दोघं त्यालाही तिवईच म्हणत. वजन चार किलोच्या वर. वर्षभरात अंबूताईंचा उजवा खांदा धरला, हात डोक्यापर्यंत जाईना. त्याच सुमारास भीमराव निवृत्त झाले. एकदा बसस्टॉपवर भेटले, आणि बाईंच्या काखेतली तिवई बघून म्हणाले, "द्या इकडं."

तेव्हापासून बुधवारी आणि शनिवारी भीमराव हुबळीच्या केशवापूरहून पहिल्या चिगरी बसनं धारवाडला यायचे, तिवई खांद्यावर टाकायचे आणि दोघं केलगेरी तळ्याच्या बांधावर जायचे. तिवई भीमरावांच्याच घरी असायची. आधी बाई बघायच्या. त्यांचं झालं की भीमराव तिवईची मधली दांडी वर करून बघायचे. भीमराव सहा फूट, बाई जेमतेम पाच. बोलणं फारसं नसायचं.

यंदा डॉक्टरांनी अंबूताईंना दोन किलोपर्यंत वजन उचलायची परवानगी दिली. किती दिवस दुसऱ्याच्या खांद्यावर आपली हौस वाहायची, म्हणून त्यांनी हलकी तिवई घ्यायचं ठरवलं आणि शनिवारी परतताना भीमरावांना सांगितलं. त्यावर हे, दुकानाचं मी बघतो.

"दुकान मीही बघीन की," अंबूताई म्हणाल्या. "सोमवारी दोघं जाऊ."

सुभाष रोडवर कॅमेऱ्याच्या सामानाचं एक अरुंद दुकान होतं. मालक महेश, चाळिशीचा, गळ्यात चष्मा लोंबणारा. भीमरावांना बघताच तो म्हणाला, "बर्री भीमण्णा, या या," आणि मग बाईंकडं बघून एकदम ताठ झाला. दुकानदार ओळखीचा आहे हे भीमरावांनी आधी का नाही सांगितलं, हे अंबूताईंनी मनात टिपून ठेवलं.

काउंटरवर दोन तिवया होत्या. एक काळी, उंच, जाड पायांची. दुसरी बारीक, घडी घातली की पिशवीत मावेल अशी. महेशनं बारकीला हात घातला, तेवढ्यात भीमरावांनी अगदी हलकेच मान हलवली. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. महेशचा हात मागं आला.

"ही उंच बघा, मॅडम," तो म्हणाला. "वाऱ्यात हलणार नाही."

"आणि ती?"

"ती फोटोवाली पोरं नेतात. नाजूक आहे."

"हीच बरी, बाई," भीमराव म्हणाले. "पाय मजबूत आहेत. वर्षानुवर्षं टिकेल."

अंबूताईंनी उंच तिवई उचलून बघितली. जुनीपेक्षा हलकी, पण दोन किलोच्या वरच भरेल अशी. खांद्यातून कळ आली, ती त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिली नाही. भीमराव तिवईबद्दल एका दमात जेवढं बोलले तेवढं ते एरवी महिन्याभरात बोलत नसत. मजबूत, टिकाऊ, वाऱ्यात हलत नाही. पढवल्यासारखं.

"विचार करून सांगते," असं म्हणून त्या बाहेर पडल्या. रिक्षात भीमराव एकदाच म्हणाले, "फार विचार करू नका, बाई. ती जाईल विकली." विकायची घाई दुकानदाराला असते, गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या माणसाला कशाला? दोन दिवस त्यांचं मन त्या एका मान हलवण्याभोवतीच घुटमळत राहिलं. महेश काहीतरी हातावर ठेवत असेल. उंच तिवई महाग, तिच्यावर जास्त सुटत असेल. पण भीमराव असं करतील? अठ्ठावीस वर्षांत एक परीक्षानळी इकडची तिकडं न केलेला माणूस. मग वाटायचं, माणूस निवृत्त झाला की गरजा बदलतात. त्यांची सून घरात काय बोलत असेल, कोण जाणे. असं म्हणता म्हणता संशय घरच्यासारखा येऊन बसला. बुधवारी त्यांनी सर्दीचं निमित्त सांगून तळ्यावर जायचंही टाळलं.

गुरुवारी दुर्बीण पिशवीत घालून त्या एकट्याच दुकानात गेल्या.

"दोन्ही काढा," त्यांनी महेशला सांगितलं. "आणि मी सांगते तशा उभ्या करा."

महेशनं आधी उंच तिवईवर दुर्बीण बसवली. अंबूताईंनी रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाच्या पाटीवर ती रोखली आणि तिवईच्या पायावर बोटानं टिचकी मारली. अक्षरं थरथरली, दोन श्वासांत थांबली. मग बारकी. तिची मधली दांडी महेशनं वर ओढून ठेवली होती. टिचकी मारताच अक्षरं नाचायला लागली, थांबेचनात.

"म्हणून सांगत होतो," महेश म्हणाला.

"दांडी खाली करा. पूर्ण."

दांडी खाली गेली, तरी तिवई अंबूताईंच्या डोळ्यापर्यंत बरोबर पोचली. पाच फुटांच्या बाईला आणखी उंची हवी कशाला? त्यांनी पुन्हा टिचकी मारली. अक्षरं उंच तिवईवर थांबली होती तितक्याच वेळात थांबली. पायांना फिरवून आवळायच्या कड्या नव्हत्या, खटकन मिटणाऱ्या पट्ट्या होत्या. त्यांच्या सुजलेल्या बोटांना त्या जमल्या. अडचण एकच. बारकीवर दुर्बीण बसवायचं वरचं डोकं गोळ्याचं होतं. सैल केलं की दुर्बीण मान टाकायची, आवळलं की हलायचीच नाही. उंच तिवईवरचं डोकं वेगळं होतं. एक लांब दांडा, तो धरून दुर्बीण लोण्यातून फिरवल्यासारखी डावी-उजवी, वर-खाली जायची आणि सोडली तिथं राहायची.

"हे डोकं त्या बारकीवर बसतं का?"

"बसतं," महेश नाइलाजानं म्हणाला.

"मग हे सोमवारीच का नाही सांगितलंत?"

महेश चष्म्याशी चाळा करत राहिला. शाळा असती तर ही वेळ झडती घ्यायची होती. अंबूताईंनी सरळच विचारलं, "भीमरावांना तुम्ही किती देता?"

महेशला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "अय्यो मॅडम, काय बोलता? एक पैसा नाही. शनिवार-रविवार मिळून तीनदा येऊन गेले ते. छोटी बाईंना दाखवू नको म्हणाले. का ते मी विचारलं नाही. उंच तिवई ते स्वतः उभी करून बघायचे. आपल्या डोळ्यापर्यंत चढवायचे, डोळा लावल्यासारखं करायचे आणि मान हलवून जायचे."

म्हणजे स्वतःच्या मापानं. अंबूताईंच्या डोक्यात एक संशय विझला आणि दुसरा पेटला. तिवई माझी, दुर्बीण माझी, आणि माप यांचं. सगळं आपल्या घरी नेऊन ठेवायचा विचार आहे की काय? त्यांनी बारकी तिवई आणि ते दांड्याचं डोकं घेतलं आणि भीमरावांना काहीएक न कळवता घरी आणलं.

शनिवारी त्या मुद्दामच लवकर बांधावर पोचल्या, तिवई स्वतःच्या डाव्या खांद्यावर टाकून. भीमराव आले ते जुनं चार किलोचं ओझं घेऊन. नवी तिवई उभी बघून थबकले. जुनी त्यांनी गवतावर ठेवली आणि हात मागं बांधून तळ्याकडं बघत राहिले. अंबूताई दुर्बिणीला डोळा लावून उभ्या. पलीकडं बदकांचा थवा होता, पण त्यांचं लक्ष पाठीमागं. हा माणूस आता काय सारवासारव करतो ते बघू.

शेवटी अंबूताईच बोलल्या. "आधी तीनदा दुकानात गेला होतात म्हणे."

"गेलो होतो."

"छोटी मला दाखवू नको म्हणून सांगितलंत."

"सांगितलं."

"का?"

"तिची उंची माझ्या डोळ्यापर्यंत येत नाही, बाई. वाकलं की कंबर धरते. तुमचं झालं की मी वर करून बघतो, ते बंद होणार." त्यांनी गवतावरच्या जुन्या तिवईकडं बघितलं. "आणि एवढी हलकी झाल्यावर तुमची तुम्ही आणणार. आणलीतच की. मग मला काय काम?"

अंबूताईंनी डोळा दुर्बिणीवरून काढला. "मग तसं सांगायचं होतं."

"तुम्हाला खरं सांगितलं तरी आधी चौकशी होते. बघितलंय मी शाळेत." भीमरावांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "परवा महेशचा फोन आला होता. कमिशनचं विचारलंत म्हणे."

वारा सुटला होता. अंबूताईंनी पदर घट्ट ओढून घेतला. नाही म्हणायची सोय नव्हती.

"परीक्षेला पोरांच्या बाह्या तपासायचात तेव्हा मी दाराशी असायचो," भीमराव म्हणाले. "माझ्याच हातून प्रश्नपत्रिका वर जायच्या, प्रॅक्टिकलचं सामान यायचं. पण तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, काय नेतोस म्हणून. मला बरं वाटायचं त्याचं."

अंबूताईंना आपल्या जागी दुसरं कुणी असतं तर आपण त्याला काय सुनावलं असतं ते सगळं आठवलं. शिक्षिकेच्या आयुष्यात माफी मागायचे प्रसंग कमी येतात आणि आले तरी टाळता येतात. त्यांनीही पुष्कळ टाळले होते.

"चुकलं माझं, भीमराव," त्या म्हणाल्या.

भीमरावांनी असू दे म्हटलं नाही. "बदकं सरकायला लागलीत," एवढंच बोलले. "बघून घ्या."

अंबूताईंनी बघितलं नाही. बांधाची दुसरी कड शेतांच्या बाजूला उतरती होती, तिच्यावर जनावरांच्या पायांनी पडलेल्या पायऱ्या होत्या. त्यांनी तिवई उचलली, त्या कडेला आणून रोवली आणि म्हणाल्या, "खालच्या पायरीवर उभे राहा."

"घसरेन की, बाई."

"मी धरते तिवई. तुम्ही उतरा तर खरं."

भीमराव अंदाज घेत दोन पावलं उतरले. त्यांचा डोळा बरोबर दुर्बिणीच्या पातळीला आला. दांडा धरून त्यांनी दुर्बीण सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवली. बराच वेळ बघत राहिले. अंबूताई तिवईचा पाय धरून ओणव्या उभ्या होत्या.

"तुम्हाला ही सगळी थापट्या बदकं वाटली ना, बाई?" भीमरावांनी विचारलं.

"हो. सगळी थापट्याच आहेत."

"मागची सात तलवार बदकं आहेत. शेपट्या बघा."

अंबूताईंना ते खरं वाटलं नाही. त्यांनी भीमरावांना बाजूला केलं, स्वतः बघितलं, पुन्हा मोजलं. शेपट्या लांब, टोकदार होत्या. तलवार बदकंच. चार वर्षं दुसऱ्या पाळीनं बघणाऱ्या या माणसाला किती दिसत होतं, याची चौकशी मात्र त्यांनी कधी केली नव्हती.

पुढच्या बुधवारी भीमराव आले नाहीत. ऊन चढेपर्यंत अंबूताई बांधावर थांबल्या. मग फोन केला.

"नातवाला ताप आहे, बाई," भीमराव म्हणाले. "शनिवारी बघतो."

त्यांच्या मागं बसचा हॉर्न ऐकू येत होता आणि कुणीतरी कन्नडमध्ये मोठ्यानं हसत होतं. तापाच्या पोराजवळ कुठली बस आणि कुठलं हसणं? अंबूताईंच्या जिभेवर तीन प्रश्न येऊन उभे राहिले. शनिवारी येतो असंही म्हणाले नव्हते, बघतो म्हणाले होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "त्याला जपा."

शनिवारी त्यांनी तिवई आधीच उतरत्या कडेला रोवून ठेवली आणि रस्त्याकडं न बघता तळ्याकडं बघत बसल्या. सूर्य पाण्यावर आला तेव्हा मागं रिक्षा थांबल्याचा आवाज झाला.

"आज वारा कमी आहे," भीमराव म्हणाले.

"कमी आहे," अंबूताई म्हणाल्या. नातवाचं त्यांनी विचारलं नाही. काठच्या उथळ पाण्यात लांब पायांचे पाच शेकाटे उतरले होते. त्यांनी दांडा भीमरावांच्या हातात दिला आणि आज पहिल्यांदा त्यांना आधी बघू दिलं.