शनिवारच्या घंटेआधी

नोकरीसाठी इम्के एम्डन सोडून ट्यूबिंगेनला आली खरी, पण पहिले दोन महिने तिच्याशी धड कोणी बोललं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती जुन्या पुस्तकांची शिवण दुरुस्त करायची. तिथले प्रोफेसर पुस्तकांची विचारपूस करत, तिची नाही. घरी मात्र समोरच्या दारात हेफेलेबाई होत्या. वय चौऱ्याऐंशी आणि जीभ तिखट.

"समुद्राकडची ना तू? तुमच्याकडे वारा झाडून नेत असेल सगळं. इथे आपल्यालाच झाडावं लागतं," असं म्हणत त्यांनी तिला झाडलोटीची पाटी दाखवली. ज्याच्या दाराला पाटी, त्याने तो आठवडाभर जिना, तळघर आणि फुटपाथ बघायचा. मग पाटी पुढच्या दाराला. या गावात एक वेळ चर्च चुकलं तर चालेल, पाटी चुकायची सोय नाही.

हेफेलेबाईंचा तर जीवच त्या पाटीत अडकलेला. दर शनिवारी दुपारी येणाऱ्या मुलाने, गेरोल्डने, बजावून ठेवलं होतं: जिना झेपेनासा झाला की वृद्धाश्रम. "त्याचं तरी काय चुकलं," बाई म्हणायच्या, "पण मी या घरात नवरी म्हणून आले. इथूनच आडवी जाणार." मग इम्केच्या ताटात मसूर आणि घरच्या शेवया वाढायच्या. तिच्या वाळकेपणावरून बोलणीही ऐकवायच्या.

फेब्रुवारीत पाटी बाईंच्या दाराला होती आणि बाई तापाने फणफणल्या.

"उद्या उठते मी," त्या शुक्रवारी कण्हत म्हणाल्या. "गेरोल्डला कळू देऊ नकोस."

"पडून राहा गुपचूप," इम्के म्हणाली आणि बादली घेऊन जिन्यात गेली. पायऱ्या पुसल्या, कठडा पुसला, फुटपाथवरचं बर्फ ओढलं. कंबरेचा काटा ढिला झाला, पण कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. या गावात आपलं म्हणावं असं कोणीतरी होतं. काम झालं म्हणून तिने पाटी काढून आपल्या दाराला अडकवली. पुढची पाळी तिचीच होती.

शनिवारी दुपारी गेरोल्ड आला. पायऱ्या लख्ख होत्या, पण त्याची नजर गेली ती इम्केच्या दारावरच्या पाटीवर.

"जिना कोणी पुसला?"

"तुमच्या आईने. कालच."

"माझ्या आईने," तो सावकाश म्हणाला, "शनिवारी संध्याकाळची चर्चची घंटा झाल्याशिवाय पाटी कधी उतरवली नाही. वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा."

तो चिडला असता तर इम्के भांडली असती. पण त्याचेच डोळे भरून आले होते.

मार्चमध्ये वृद्धाश्रमात न्यायला बाईंचं सामान गाडीत चढलं. "माझ्यामुळे झालं हे," म्हणून इम्के ढसाढसा रडली. बाईंनी तिचा गाल थोपटला.

"वेडे, जिना झेपत नव्हताच मला. नोव्हेंबरपासून एकेका पायरीवर बसून पुसत होते." मग गाडीकडे वळत त्या म्हणाल्या, "पण एवढा एक वसंत निघाला असता गं."

समोरचं घर अजून रिकामंच आहे, त्यामुळे पाटी इम्केकडे लवकर लवकर येते. जिना ती शुक्रवारीच पुसून टाकते. पाटीला मात्र हात लावत नाही. शनिवारी संध्याकाळी घंटा होईपर्यंत बाईंच्या बंद दाराकडे बघत पायरीवर बसून राहते.