अंगठ्याएवढं मशीन

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे, पण अंगठ्याएवढं. बोलिव्हियात, एल आल्तोच्या एका पत्रेवाल्यानं मला माशांच्या डब्यातून कापलं. आमच्याकडे जानेवारीच्या जत्रेत हवं ते छोटं घेतात: घर, गाडी, पेटी. वर्षभरात ते मोठं होऊन येतं म्हणे. स्वतः घेतलेलं कमी फळतं, दुसऱ्यानं दिलेलं जास्त.

मला हिलारियाच्या हातावर ठेवलं तिच्या धर्मआईनं, फोर्तुनातानं. परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे बाजारात आल्यापासून हिलारियाकडे कोणी घागरा शिवायला टाकत नव्हतं.

"छोटं मी दिलं, मोठं देव देईल."

"देवाला कशाला त्रास? तूच दे की, धर्मआई!"

"दिलं समज. सीमेपलीकडे, ब्वेनोस आयरेसला माझा शिलाईचा कारखाना आहे. परक्यांकडे राबण्यापेक्षा घरच्याकडे ये."

तिथं गेल्यावर मोठं मशीन मिळालं. फोर्तुनाता शब्दाची पक्की. दाराला बाहेरून कुलूप असतं, हे तेवढं सांगायचं राहिलं. "हरवशील गं पोरी," म्हणत ओळखपत्र तिनं आपल्या कपाटात ठेवलं. मशिनांचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून रेडिओ मोठ्यानं चाले. मी दिव्याला टांगलेलं. नवी पोर आली की फोर्तुनाता मला बोटानं हलवी: "बघ, फळलं की नाही?" खोट्या साक्षीदाराचं व्हावं तसं माझं कौतुक झालं.

पुढच्या जानेवारीत फोर्तुनाता गावी निघाली. "हे दे इकडे. तुझ्या धाकट्या बहिणीला देते. फळलेलं आहे, दोमिंगा धावत येईल."

"थांब, धर्मआई, पुसून देते."

शालीआड पुसता पुसता हिलारियानं माझं चाक दातांनी तोडलं आणि मला रुमालात बांधलं. जिनं जपलं, तिनंच मोडलं. तेव्हा मला फार लागलं.

जत्रेत दोमिंगानं रुमाल सोडला. "अगं बाई, मोडकं! मोडकं दिलं तर मोडकंच मोठं होतं ना? बांधलं कुणी हे?"

"तुझ्या ताईनंच. वाटेत मोडलं असेल. पत्र्याच्या तुकड्यावरून धर्मआईवर संशय?"

"यावर ताईच्या फट असलेल्या दातांचे वण आहेत, धर्मआई. मी नाही येत. आधी तिला घरी पाठव."

आज मी दोमिंगाच्या मुठीत, तिच्या ताईच्या सुटकेचा अर्ज द्यायला सरकारी कचेरीच्या रांगेत उभं आहे. मित्रांनो, मायेनं दिलेलं छोटं जरूर घ्या. पण मोठ्याच्या दाराची किल्ली कोणाकडे राहणार, तेवढं विचारून घ्या. आणि मोडकं म्हणून मला फेकू नका. माझं चाक अजून हिलारियाकडे आहे.